रांगेतला पंक्तिप्रपंच

मराठीच्या अध्यापकाने करमणूक उद्यानातल्या रांगांवर लिहावे, हे काही सहकाऱ्यांना उथळपणाचे लक्षण वाटते. विषय निघाला तेव्हा एकाने ‘आता एवढेच राहिले होते’ असे म्हटले, दुसऱ्याने तो वाणिज्य शाखेकडे सोपवण्याची सूचना केली. दोघांचेही म्हणणे मला मान्य नाही आणि हा लेख काही अंशी त्यांच्याशी वाद घालण्यासाठीच लिहिला आहे. अॅना अख्मातोवा लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर सतरा महिने रांगांत उभी राहिली आणि त्या उभे राहण्यातून ‘रेक्विएम’ ही कविता आली. व्लादिमीर सोरोकिनची ‘रांग’ ही कादंबरी १९८५ साली पॅरिसमध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदक नाही, वर्णन नाही, आहेत ते केवळ रांगेतल्या माणसांचे आवाज. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये एस.टी. थांबते आणि त्या खोळंब्यात अख्खा समाज बोलू लागतो. थांबणे हा साहित्याचा विषय आहे हे आपण वर्गात शिकवतो (बेकेटच्या त्या दोन भटक्यांवर तर विद्यार्थ्यांकडून पानेच्या पाने लिहून घेतो). मग खोपोलीजवळच्या उद्यानात दुपारच्या उन्हात तासभर उभी असलेली माणसे तेवढी साहित्याबाहेरची कशी?

शिवाय या विषयाचे शब्द आपल्या भाषेने आधीच तयार ठेवले आहेत. पाळी, बारी, ओळ, रांग, पंगत. दर्शनाची बारी असते, भजनाची डबल बारी असते, तमाशाच्या थिएटरात एकामागून एक पार्ट्या आपली कला सादर करतात ती संगीत बारी असते. या सगळ्या ठिकाणी ‘बारी’ म्हणजे आपल्या वाट्याला येणारी वेळ. ती दुसऱ्याची झाल्यावर येते आणि तिसऱ्याच्या आधी येते. आणि या शब्दांच्या जोडीला आणखी एक नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीला बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसते वरण वाढणे. पंगतीला न बोलावणे हा वेगळा अन्याय झाला. बोलावून, बसवून, मग वाढताना भेद करणे याला आपल्या पूर्वजांनी स्वतंत्र शब्द योजला, कारण तो अपमान वेगळ्या जातीचा आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. तो करणारेही तेच होते, हा भाग अलाहिदा.

करमणूक उद्यानातला पंक्तिप्रपंच कसा चालतो ते आधी पाहू. खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत इमॅजिका हे उद्यान एप्रिल २०१३मध्ये सुरू झाले. त्याआधी मुंबईकरांना होते ते गोराईचे एस्सेल वर्ल्ड, १९८९पासूनचे. तिथे पोहोचायला बोटीची रांग, पोहोचल्यावर पाळण्याची रांग, परतताना पुन्हा बोटीची रांग. ते २०२२मध्ये बंद पडले. इमॅजिकात एकदा प्रवेशमूल्य भरले की आतले सर्व खेळ खुले असतात. मात्र त्यावर आणखी पैसे भरून ‘एक्सप्रेस’ तिकीट घेतले की वेगळ्या दाराने, लांब रांग टाळून पुढे जाता येते. ही कल्पना त्या उद्यानाची नव्हे; जगभर हेच चालते. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा प्रत्येक खेळाला वेगळे तिकीट होते आणि त्यांच्या पुस्तिका मिळत. १९८२मध्ये त्या बंद होऊन एकच प्रवेशमूल्य आले. १९९९मध्ये तिथे ‘फास्टपास’ आला : यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचे. तो सर्वांना फुकट होता. २०२१मध्ये त्याची जागा पैसे भरून मिळणाऱ्या मार्गिकेने घेतली. म्हणजे पाळी आधी सर्वांची होती, नंतर चिठ्ठीची झाली आणि शेवटी विक्रीची. मायकेल सँडेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने २०१२ साली बाजाराच्या मर्यादांवर जे पुस्तक लिहिले त्याचे पहिलेच प्रकरण रांग मोडून पुढे जाण्यावर आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला हा विषय हलका वाटला नाही, हे माझ्या त्या दोन सहकाऱ्यांच्या कानावर घालतो.

आता याच उद्यानांच्या जगात आणखी एक रांग आहे आणि माझा खरा विषय ती आहे. तिला ‘सिंगल रायडर’ म्हणतात. आपण एकट्यांची रांग म्हणू. परदेशांतल्या मोठ्या उद्यानांत काही खेळांना ती असते. रोलर कोस्टरच्या डब्यात समजा एका ओळीला चार आसने आहेत (इमॅजिकाच्या ‘नायट्रो’त तशीच आहेत). तिघांचे कुटुंब येते, तिघेही एकत्रच बसणार, एक आसन रिकामे. पुढे दोघे, मग पुन्हा तिघे. पुन्हा एक रिकामे. अशी रिकामी आसने दर फेरीला वर जातात आणि खाली येतात, त्यांच्यावर कोणी बसत नाही. मग उद्यानवाले एक बाजूची रांग ठेवतात. तिथे जो उभा राहील त्याला जिथे एक आसन रिकामे असेल तिथे बसवले जाईल. अट एकच : सोबत्याशेजारी बसण्याचा हट्ट सोडायचा. चौघे मित्र आले असतील तर चौघे चार वेगवेगळ्या फेऱ्यांत, चार अनोळखी कुटुंबांच्या कडेला.

वरवर पाहता या दोन्ही रांगा सारख्याच दिसतात. दोन्हींत काही माणसे मुख्य रांगेतल्यांच्या आधी खेळात बसतात. उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांना तर दोन्ही सारख्याच खुपतात. पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो साध्या अंकगणिताने दाखवता येतो. समजा एक खेळ तासाला १००० माणसांना फिरवतो आणि रांगेत ७०० जण उभे आहेत. शेवटच्या माणसाला ४२ मिनिटे लागतील. आता त्या १०००पैकी ३०० आसने एक्सप्रेसवाल्यांना दिली. रांगेला उरली ७००. शेवटच्या माणसाला पूर्ण एक तास लागेल. ही वाढीव १८ मिनिटे आकाशातून पडलेली नाहीत. ती उभ्या माणसाकडून काढून घेतली आहेत आणि कोणीतरी त्यांची किंमत वसूल केली आहे. ज्याची मिनिटे विकली त्याला मात्र ना विचारले, ना दमडी दिली.

एकट्यांच्या रांगेत असे काही घडत नाही. तिथला माणूस ज्या आसनावर बसतो ते अन्यथा रिकामेच वर जाणार होते. मुख्य रांगेतल्या कोणाचाही एक क्षण त्याने घेतलेला नाही. उलट तो मुख्य रांगेत उभा राहिला असता तर तिथली लांबी वाढली असती; तो बाजूला गेल्याने ती कमी झाली. त्याने किंमत मोजली आहेच, पण ती स्वतःच्या पदरची : सोबत. म्हणून माझे प्रतिपादन असे, की रांगेत पुढे जाण्याचे नैतिकदृष्ट्या दोनच प्रकार आहेत. एक, स्वतःच्या वाट्यातले काही सोडून पुढे जाणे. दुसरा, परक्याच्या वाट्यातले काही उचलून पुढे जाणे. पहिल्याला सवलत म्हणावे, दुसऱ्याला पंक्तिप्रपंच.

हा पहिला प्रकार आपल्याला परका नाही. पंढरपूरला पदस्पर्श दर्शनाची रांग आषाढीला गोपाळपूरपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जाते. ज्याला तेवढा वेळ नाही, किंवा तेवढे बळ नाही, तो मुखदर्शन घेतो. पायांवर डोके ठेवण्याचे सोडतो, लांबून रूप पाहतो आणि लवकर बाहेर पडतो. त्याहून घाईतला वारकरी नामदेव पायरीवर माथा टेकवतो, कळसाला हात जोडतो आणि गावची वाट धरतो. यातल्या कोणीही पदस्पर्शाच्या रांगेतल्या म्हातारीचा वेळ घेतलेला नसतो. लालबागच्या राजालाही नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. जवळीक हवी तर वेळ द्या, वेळ वाचवायचा तर अंतर पत्करा. हा व्यवहार चोख आहे. शिर्डीचा सशुल्क दर्शन पास आणि तिरुमलाचे तीनशे रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन हे मात्र या जातीचे नव्हेत. तिथे पैसे भरणारा काही सोडत नाही, तो फक्त आधी पोहोचतो.

आणि पाचगणीच्या माणसाला तर एकट्यांची रांग समजावून सांगण्याची गरजच नाही. वाईच्या स्टँडबाहेर वडापवाला ‘पाचगणी एक सीट, एक सीट’ असे ओरडतो तेव्हा तो हेच शास्त्र सांगत असतो. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. सर्वांत आधी येऊन बसलेला सर्वांत जास्त थांबतो. नवराबायको आणि दोन मुले असे चौघे आले तर त्यांना पुढच्या जीपची वाट पाहावी लागते. आणि जो शेवटी, एकटा, हातात एक पिशवी घेऊन येतो तो कोपऱ्यात सरकून बसला की जीप पसरणीच्या घाटाला लागते. त्याच्यावर आतले कोणी रागावत नाही. रागावतील कसे? त्याच्यामुळेच तर गाडी सुटली. (वडाप बेकायदा आहे, तिच्यात कोंबून माणसे भरतात, ब्रेकची खात्री नसते, हे सगळे खरे, मी तिचे समर्थन करत नाही. पण एका रिकाम्या जागेची किंमत तिच्या चालकाला अनेक अर्थतज्ज्ञांपेक्षा बरी कळते.) याच्या नेमके उलट म्हणजे एस.टी. फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकणे. रुमालाने अडवलेली जागा ही आपली लोकप्रिय एक्सप्रेस मार्गिका होय. फरक इतकाच, की रुमाल कोणालाही टाकता येतो.

इथे एका वेगळ्या गोटातून आक्षेप येतो. देशीपणाचा कैवार घेणारे काही मित्र म्हणतात, की रांग ही मुळात साहेबाने आणलेली शिस्त. आपली जत्रा बघा, तिथे कुठे रांग होती, सगळे एकमेकांत मिसळलेले, पाळणेवाला हाकारे घालतो, ज्याला वाटेल तो चढतो. हे चित्र लोभस आहे आणि खोटे आहे. जत्रेत रांग नव्हती कारण तिथे मान होता. पालखीला आधी खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, कोणाच्या दारी पालखी थांबणार आणि कोणाच्या वस्तीवर ती फिरकणारच नाही, हे सगळे जन्माने ठरलेले असे. चोखोबाची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, आत नाही. ज्याला आतच घ्यायचे नाही त्याला रांग कसली? १ मे १९४७ रोजी साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा कुठे त्या माणसांना रांगेत उभे राहण्याचा अधिकार मिळाला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपायला तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४चा निकाल यावा लागला. रांग कंटाळवाणी असते, पाय दुखवते. परंतु ‘कोण आधी आला’ याखेरीज दुसरा प्रश्न न विचारणारी अशी दुसरी संस्था आपल्या समाजात फारशी सापडत नाही. ती तरुण आहे, कष्टाने मिळवलेली आहे. तिला साहेबाची म्हणून हिणवणाऱ्यांनी आपण कोणाच्या बाजूने बोलतो आहोत याचा विचार करावा.

आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते तेव्हा दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मानाचे वारकरी म्हणून सोबत घेतात. या प्रथेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, पण तिच्यातला एक मुद्दा मला मोलाचा वाटतो. इथे मान जन्माचा नाही, पैशाचा नाही, थांबण्याचा आहे. तासन्‌तास जो उभा राहिला त्याचे उभे राहणे मोजले गेले. (दांपत्यच का, एकटा वारकरी का नको, हा प्रश्न आहेच, एकट्याकडे पाहण्याच्या आपल्या नजरेबद्दल पुढे लिहितो.)

जत्रेचीच गोष्ट निघाली आहे तर वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला वगळून पुढे जाता येत नाही. रंगपंचमीला सोनेश्वरहून भैरवनाथाच्या गावापर्यंत बैल ओढतात तो अजस्र दगडी चाकांचा गाडा, त्यावर उंच शीड आणि त्याला टांगलेला एक माणूस, बगाड्या. आसन एकच. वर्षातून फेरी एकच. नवस बोललेले अनेक असतात. त्यांतून कोण चढणार हे होळी पौर्णिमेला देवाच्या कौलाने ठरते. मी श्रद्धेच्या बाजूने बोलत नाही, वाटपाच्या तत्त्वाबद्दल बोलतो आहे. जागा एक आणि इच्छुक अनेक, अशा प्रसंगी गावाने लिलाव न करता कौल लावला. म्हाडाची सोडत निघते तेव्हा शासनही वेगळे काही करत नाही. म्हणजे आगमनाचा क्रम, सोडत, गरज, त्याग अशी वाटपाची किती तरी तत्त्वे आपल्या हाताशी असताना ‘ज्याचा खिसा मोठा तो आधी’ हेच एक तत्त्व नैसर्गिक असल्यासारखे सांगितले जाते, याला माझा आक्षेप आहे.

रांग हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही, हे सातारा जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे? वाई तालुक्यातल्या मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, अरुंद चढणीवर गर्दी कोंडली, पायऱ्या निसरड्या झालेल्या होत्या, चेंगराचेंगरी झाली, मग दुकाने पेटली. २९०हून अधिक माणसे गेली. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. त्या दिवशी त्या डोंगरावर माणसे होती, श्रद्धा होती, रांग नव्हती. म्हणजे वर किती जण आहेत, खालून किती सोडायचे आणि उतरणाऱ्यांना वाट कोणती, या तीन गोष्टी ठरवणारी व्यवस्था नव्हती. करमणूक उद्यानांनी या तीन गोष्टी फार चांगल्या जमवल्या आहेत, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. नागमोडी कठडे, आत सोडण्याचा ठरलेला वेग, बाहेर पडण्याचे वेगळे दार. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली कॉल्सच्या खोळंब्यावर निबंध लिहिला तिथपासून हे एक शास्त्रच झाले आहे. १९६१मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेले सूत्र तर इतके साधे आहे, की मराठीच्या विद्यार्थ्यालाही समजावे : रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येणाऱ्यांचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. डेव्हिड मैस्टर यांनी १९८५मध्ये थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवले, की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि अन्याय्य थांबणे न्याय्य थांबण्यापेक्षा लांब वाटते. उद्यानांनी यातले पहिले उचलले : रांगेत पडदे लावले, भुताखेतांची सजावट केली, संगीत लावले. दुसरे सोयीने विसरले. डिस्नेच्या उद्यानांत रांगेच्या तोंडाशी एखाद्याच्या हातात लाल पत्ता देतात, तो पुढे पोहोचल्यावर परत घेतात आणि त्यावरून थांबण्याची मिनिटे मोजतात. मोजण्याची कला इतकी साधलेल्यांना, त्या मिनिटांपैकी किती विकलेल्या पासांमुळे वाढली, हे मोजता येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

बाजाराची बाजू मांडणाऱ्यांचे तीन युक्तिवाद असतात. एक असा, की एक्सप्रेसचे पैसे मिळतात म्हणूनच साधे तिकीट स्वस्त राहते. असेलही, मग साध्या तिकिटाच्या पाठीवर छापा, की ‘आपली काही मिनिटे विकली जातील, त्याबद्दल इतके रुपये कमी केले आहेत’. ते कोणी छापत नाही. दुसरा असा, की उद्यानात येणारा तसाही खाऊनपिऊन सुखी, गरीब तिथे येतच नाही, मग विषमतेचे रडगाणे कशाला? पंक्तिप्रपंच हा शब्द मी यासाठीच वापरला. तो गरीब-श्रीमंत भेदाबद्दल नाहीच; एका पंगतीला बसवल्यावरच्या वागणुकीबद्दल आहे. ज्याने सहा महिने पैसे साठवून चार जणांचे तिकीट काढले तो त्या दारातून आत येताना पाहुणा होता. आत आल्यावर कळते, की तो दुय्यम पाहुणा आहे. तिसरा युक्तिवाद मात्र खरोखर चलाख आहे : सक्ती कोणावर आहे? नको तर घेऊ नका. इथे एक गोम आहे. साधी रांग जितकी लांब आणि कंटाळवाणी, तितका पास जास्त खपतो. रांग आखूड झाली तर पासाला गिऱ्हाईक नाही. म्हणजे जो रांग लहान करण्याला जबाबदार आहे त्याचाच फायदा ती लांब राहण्यात आहे. अशा व्यवस्थेत ‘नको तर घेऊ नका’ याचा अर्थ काय उरतो? एकट्यांच्या रांगेत हे दुष्टचक्र नाही. तिथे रिकामे आसन भरले की चालकाचे हित आणि उभ्या माणसाचे हित एकाच दिशेला जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाची सहल एका उद्यानात गेली होती. (कोणते ते सांगण्यात अर्थ नाही, कुठल्याही उद्यानात हेच झाले असते.) पंचेचाळीस विद्यार्थी, सवलतीचे सामूहिक तिकीट. आत गेल्यावर पाऊण तासात चार मुलांच्या मनगटांवर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या दिसू लागल्या. त्यांतल्या एकाने स्वतःबरोबर तीन मित्रांचे पास काढले होते. तो मुलगा उदार होता, त्याला दोष देण्यात हशील नाही. पण त्याला कोणते तीन मित्र निवडायचे हे ठरवावे लागले, आणि उरलेल्या एकेचाळीस जणांना आपण निवडले गेलो नाही हे कळले. येताना बसमध्ये जे एकसंध होते ते जाताना गटागटाने बसले होते. त्याच दिवशी एका खेळाच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी मधूनमधून ओरडत होता, ‘एकटं कोण आहे का? एक जागा आहे!’ तिथे वेगळी रांग नव्हती, फलक नव्हता. त्याने आपल्या बुद्धीने ही सोय काढली होती. जावळी खोऱ्यातून आलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी आमची एक विद्यार्थिनी दर वेळी हात वर करी. इतर एकदा बसले तेवढ्या वेळात ती चार वेळा बसली. पुढे वर्गात मी एकाकीपणावरचे टिपण लिहायला सांगितले तेव्हा तिने ‘एकटा’ आणि ‘एकाकी’ हे दोन शब्द वेगळे का आहेत यावर दीड पान लिहिले. नवसाहित्यातल्या एकाकीपणावर पाठ केलेली उत्तरे तपासून थकलेल्या मला ते दीड पान फार आवडले.

परंतु एकट्यांच्या रांगेची बाजू घेताना तिची खोट लपवण्याचे कारण नाही. ती सर्वांना खुली असली तरी सर्वांच्या आवाक्यातली नाही. लहान मूल आईला सोडून अनोळखी माणसाशेजारी बसणार नाही. पहिल्यांदाच उंचावर चढणाऱ्याला शेजारी ओळखीचा हात हवा असतो. अंधाऱ्या खेळात परक्या पुरुषाशेजारी बसण्याचा एखाद्या मुलीला संकोच वाटला तर तो तिचा दोष नव्हे. शिवाय तिकडे एकट्याचे स्वागत होते ते माणूस म्हणून नव्हे, भर म्हणून. भिंतीतल्या फटीत चिपा बसवतात तसा तो बसवला जातो. हेही खरे, की सगळेच एकट्यांच्या रांगेत गेले तर तीच मुख्य रांगेहून लांब होईल. रिकामी आसने शेवटी मोजकीच असतात. तरीदेखील ही खोट पहिल्या प्रकारातली आहे : जो जाणार नाही त्याचे काही कमी होत नाही.

आणि आपल्याकडे एकट्याला भर म्हणून तरी कुठे जागा आहे? पाचगणी आणि महाबळेश्वर ही गावे मधुचंद्राच्या जोडप्यांसाठी आणि कुटुंबांच्या सहलींसाठी आपला संसार थाटून बसली आहेत. एकटा पुरुष लॉजवर गेला तर ‘सोबत कोणी नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. एकटी बाई गेली तर प्रश्नही विचारत नाहीत, सरळ खोली शिल्लक नाही म्हणतात. खाणावळीत फॅमिली रूम असते, उद्यानांत नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला प्रवेश नाकारणारे फलक असतात (त्यांची कारणे मला समजतात), पॅकेजचे दर दोघांचे असतात आणि एकट्याने गेल्यास दीडपट. टेबललँडवर संध्याकाळी एकटा उभा असलेला माणूस फोटो काढून देण्यापुरता सर्वांना हवा असतो. भिलारच्या पुस्तकांच्या गावात २०१७पासून घराघरांत पुस्तके मांडून ठेवली आहेत. तिथे तिकीट नाही, रांग नाही, आणि वाचायला बसायचे तर एकटेच बसावे लागते; मॅप्रोच्या बागेसमोर वाहनांच्या रांगा लागतात त्या सुटीच्या दिवशी त्या घरांतल्या खुर्च्या किती भरलेल्या असतात ते वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. एकट्याला संशयित मानणाऱ्या समाजात त्याला हक्काचे दार देणारी व्यवस्था, मग ती कोस्टरच्या चालकाने नफ्यासाठी का काढलेली असेना, मला स्वागतार्ह वाटते.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. उद्यानांच्या दारात प्रत्येक खेळापुढे थांबण्याची मिनिटे लिहिलेली असतात. त्याच फलकावर आणखी दोन आकडे लिहावेत : तो खेळ तासाला किती माणसांना फिरवतो, आणि त्यांतली किती आसने त्या तासापुरती विकलेली आहेत. तसेच जिथे दोन किंवा चार आसनांची ओळ आहे अशा प्रत्येक खेळाला एकट्यांचे दार असावे, त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, आणि ‘एकटं कोण आहे का’ हे एखाद्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न सोडता फलकावर मराठीत लिहावे. महाविद्यालयीन सहलींचे ठिकाण ठरवताना आपण बसचे भाडे आणि जेवणाचा दर विचारतो, तसे हे दोन प्रश्नही पत्रात विचारावेत. आमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत मी तसा ठराव मांडणार आहे. हा विषय वाणिज्य शाखेकडे सोपवा म्हणणारे सहकारी त्या बैठकीला असतीलच.